कोणी काय दाबलं

सासूबाई राहायला आल्या तेव्हा जावयाने स्वतःहून त्यांना आपल्या कामाच्या खोलीत नेलं आणि म्हणाला, "आई, दुपारी मी वर्कशॉपवर असतो. हा कॉम्प्युटर नुसता पडून असतो. तुमचाच समजा."

हे तो मनापासून म्हणाला होता. पुढे जे झालं त्यात त्याच्या बाजूने सांगण्यासारखी एवढीच गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगून टाकली.

जावई दुसऱ्यांची स्वयंपाकघरं आखायचा. एका फर्निचरच्या वर्कशॉपसाठी ओटा कुठे, कपाट कुठे, ड्रॉवर केवढा रुंद, सिंकखाली पाइपला जागा किती सोडायची, हे सगळं तो कॉम्प्युटरवर काढून द्यायचा आणि तिथले सुतार त्या मापांनी प्लायवूड कापायचे. सकाळी घरी बसून ड्रॉइंग, दुपारी वर्कशॉप, संध्याकाळी पुन्हा घरी येऊन दुरुस्त्या. त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची, "इतकी स्वयंपाकघरं काढलीत याने, पण आपल्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते विचारून बघा."

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ, आणि दिवसभर या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या बायका ब्रिज खेळायच्या. सासूबाईंनी तिथेच तो खेळ उचलला आणि मग सोडला नाही. नवरा गेल्यावर मोठं घर अंगावर यायला लागलं, तेव्हा धाकट्या मुलीने त्यांना आपल्याकडे आणलं. मोठ्या मुलीचं घर तेव्हा अगदी लहान होतं, नाहीतर त्या तिकडेही गेल्या असत्या.

आल्यावर महिन्याभरात त्यांनी ब्रिजची एक साइट शोधून काढली. तिथे खऱ्या नावाने कोणी खेळत नाही. सासूबाईंनी स्वतःचं नाव ठेवलं 'ट्रंककॉल'. ब्रिज चौघांचा खेळ, दोन-दोनांच्या जोड्या, आणि सगळी मजा भिडूवर. सासूबाईंना भिडू मिळाली ती 'केटली' नावाची. ती कोण, कुठली, केवढी, काही माहीत नाही. पूर्वी नर्स होती एवढं तिने एकदा लिहिलं होतं. पण दोघींचं असं जमलं की एकीने पान टाकावं आणि दुसरीने तिच्या मनातलं ओळखावं. दुपारचं आवरलं की सासूबाई चष्मा पुसून त्या खोलीत बसायच्या. रात्री जेवताना आजचा डाव सांगायच्या. कोणी काय बोली लावली, हुकूम कसा राखून ठेवला, शेवटचा हात कसा काढला. जावई मान डोलवायचा. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं आणि कळून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं.

मग कॉम्प्युटर रडायला लागला.

सकाळी सुरू केला की चहा करून प्यावा, कप विसळून ठेवावा, तेव्हा कुठे पडद्यावर काही दिसायचं. ड्रॉइंग उघडलं की माउसचा बाण जागच्या जागी गोठायचा. कधी सगळं निळं व्हायचं आणि आपोआप बंद पडायचं. जावयाने आधी नको असलेल्या फायली काढल्या. मग व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. त्याला काहीच सापडलं नाही, पण काही सापडलं नाही याचा अर्थ जावयाने असा काढला की व्हायरस फारच बेरकी आहे.

"आई, काल काय केलंत तुम्ही यावर?" त्याने विचारलं.

"पत्ते खेळले."

"आणखी काही उघडलंत? काही दाबलंत?"

"एक चौकट आली होती मध्येच, अपडेट करायचं का म्हणून. मी नको म्हटलं."

"नको म्हणजे नक्की कुठे दाबलंत?"

सासूबाईंनी बोट दाखवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच प्रश्न आणि तिसऱ्या दिवशीही. आवाज चढलेला नसायचा, शब्दही साधेच असायचे, पण रोज सकाळी खोलीच्या दारात उभं राहून उत्तरं द्यायची म्हणजे चौकीत हजेरी लावल्यासारखंच.

एकदा सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "अहो, खेळताना माझाही बंद पडतो हा. बाकीचे तिघं ताटकळतात. आणि बंद पडायच्या आधी आतून टकटक येते. थांबून थांबून. टकटक आली की गोठतो."

"पंखा असेल," जावई म्हणाला. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं.

"पंख्याचा आवाज सलग असतो ना. हा तसा नाही."

"बघतो," तो म्हणाला, आणि बघितलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी त्याने सगळं पुसून विंडोज नव्याने टाकली. चार दिवस कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागला. पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा अडला. त्याच दुपारी सासूबाई खेळल्या होत्या. जावयाने बायकोला खोलीत बोलावून दाखवलं.

"बघितलंस? त्या पत्त्यांच्या साइटवरूनच काहीतरी येतं."

"आई फक्त खेळते रे," बायको म्हणाली.

"त्यांना वाटतं फक्त खेळतो. काय काय येऊन बसतं ते त्यांना थोडंच कळणार?"

अशात ते कपाटाचं झालं. एका गिऱ्हाइकाने फ्रिजची जागा बदलली, त्यामुळे शेजारचं उंच कपाट चार बोटं अरुंद करायचं होतं. जावयाने ड्रॉइंगमध्ये बदल केला, आणि तो सेव्ह करायच्या आत कॉम्प्युटर गोठला. वर्कशॉपमधून सारखे फोन येत होते. त्याने बंद करून चालू केला, फाइल उघडली, आणि माप न बघता पाठवून दिली. ती जुनी फाइल होती. सुतारांनी जुन्या मापाने कपाट केलं आणि ते गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फ्रिजला अडलं.

संध्याकाळी वर्कशॉपच्या मालकाचा फोन आला. जावई पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत बोलत होता. फाइल पाठवण्याआधी एकदा बघितली असती तर हे झालं नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण मालक चिडलेला होता, आणि चिडलेल्या माणसासमोर जे पहिलं हाताशी येतं तेच पुढे केलं जातं.

"अहो, घरचा कॉम्प्युटर आहे ना," जावई म्हणाला. "दुपारी सासूबाई बसतात त्यावर. म्हातारं माणूस, काय सांगणार? दिसेल ते दाबतात. मी पुसून साफ करतो, त्या पुन्हा घाण करून ठेवतात. आता बंदच करतो त्यांचं."

पलीकडे मालक हसला. त्याचीही कोणीतरी सासू असणार. दोघे थोडा वेळ त्या विषयावर हसले आणि कपाटाचं प्रकरण मिटलं.

फोन ठेवून जावई वळला तर सासूबाई आतल्या खोलीच्या दाराशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या. हातात उशीचा अभ्रा होता. त्याची घडी त्यांनी पूर्ण केली, ती ढिगावर ठेवली आणि विचारलं, "चहा ठेवू का?"

"नको," तो म्हणाला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन वाक्यांत संपलं असतं. पण जन्मभर लोकांची बोलणी कानावर पडूनही न ऐकल्यासारखं करण्याची नोकरी केलेल्या बाईला आपलं बोलणं ऐकू आलं नसेल, असं त्याने ठरवून टाकलं. रात्री त्याने कॉम्प्युटरला पासवर्ड घातला. सासूबाईंनी मागितला तर काय सांगायचं तेही मनात जुळवून ठेवलं. थोडे दिवसच, कामाचं जरा मार्गी लागेपर्यंत, असं काहीतरी.

सासूबाईंनी मागितलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला असणार, समोर ती रिकामी चौकट आली असणार, आणि त्यांनी तो बंद केला असणार. संध्याकाळी जावई घरी आला तेव्हा की-बोर्ड पुसून लख्ख केलेला होता, त्यावर स्वच्छ फडकं घातलेलं होतं, आणि सासूबाईंची खुर्चीवरची उशी तिथे नव्हती.

आठवड्याभराने बायकोने विचारलं, "आई, हल्ली खेळत नाहीस?"

"डोळे दुखतात गं," सासूबाई म्हणाल्या.

हे ऐकून जावयाला बरं वाटलं. नंतर पुष्कळ दिवसांनी, आपल्याला तेव्हा बरं वाटलं होतं हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

कॉम्प्युटर पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी चालला. जावयाने पुन्हा एकदा सगळं पुसून टाकलं होतं आणि योगायोगाने कामंही हलकी होती. "कारण सापडलं एकदाचं," असं त्याने वर्कशॉपमध्ये दोघा-तिघांना सांगितलंही. सासूबाई दुपारी झोपायला लागल्या. जेवताना डावांच्या गोष्टी बंद झाल्या. टेबलावर शांतता असायची, आणि जावयाला ती शांतता आहे हे जाणवायचं, पण कशाची ते त्याने शोधलं नाही.

मग एका सकाळी कॉम्प्युटर दोनदा निळा झाला, तिसऱ्यांदा सुरूच होईना.

"कोणी बसलं होतं का यावर?" तो खोलीतून ओरडला.

बायको दारात आली. "कोण बसणार? पासवर्ड तुझ्याकडे."

त्याने पुन्हा एकदा बटण दाबलं.

"आणि एक सांगू?" बायको म्हणाली. "हा आई यायच्या आधीपासून असाच आहे. तू टेबलाखालून लाथ मारायचास त्याला. म्हणायचास, फटका दिला की सरळ येतो."

तो "छे" म्हणायला गेला आणि मध्येच थांबला, कारण त्याला आठवलं. गेल्या वर्षी एक ड्रॉइंग उघडेना म्हणून त्याने चप्पल घातलेल्या पायाने खोक्याला धक्के दिले होते. चालायचा तो तेवढ्यापुरता. हे तो साफ विसरून गेला होता. खोटं बोलला नव्हता, खरंच विसरला होता. सासूबाई आल्या आणि त्याला दोष द्यायला एक नवीन जागा मिळाली, त्या दिवसापासून जुनं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं.

दुरुस्तीवाला आला. त्याने खोकं उघडलं, वायर लावून सुरू केलं, आणि काही न करता नुसता कान देऊन बसला.

"ऐकताय?" तो म्हणाला.

टक. टक. मग जरा थांबून, टक.

"हार्ड डिस्क चाललीय. जागोजागी खराब झालीय आतून. एखादी फाइल वाचायला जाते, तिथेच अडते, पुन्हा वाचायला जाते. म्हणून स्लो, म्हणून बंद. किती दिवस आहे हे?"

"वर्ष झालं असेल," जावई म्हणाला. मग त्याने विचारलं, "काही चुकीचं दाबलं, एखाद्या साइटवर गेलं, तर होतं का असं?"

"दाबून? नाही हो. दाबून डिस्क मरत नसते. झिजते आपली. नाहीतर चालू असताना दणका बसतो. कधी पडला-बिडला होता का? धक्का वगैरे?"

"नाही," जावई म्हणाला.

बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तांब्या तिथेच ठेवून ती आत गेली.

नवीन डिस्क बसली. कॉम्प्युटर असा चालायला लागला की बटण दाबून हात मागे घेईपर्यंत तयार. जावई सासूबाईंच्या खोलीत गेला. त्या पलंगावर बसून चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होत्या.

"आई, डिस्क खराब होती. जुनीच होती ती."

"हो का? बरं झालं सापडलं."

"तुमचा काही संबंध नव्हता त्यात."

"असू दे हो."

"पासवर्ड काढून टाकलाय. बसा तुम्ही दुपारी."

"बसेन," त्या म्हणाल्या.

त्या बसल्या नाहीत. जावयाने खुर्चीसाठी नवी उशी आणली. माउस बदलला. पडद्यावरची अक्षरं मोठी केली. शेवटी एका रविवारी तो त्यांना जवळजवळ हाताला धरूनच घेऊन आला आणि स्वतः ती साइट उघडून दिली. सासूबाईंनी आपलं नाव घातलं. केटली एका टेबलावर खेळत होती. समोर भिडू म्हणून 'निवडुंग' नावाचं कोणीतरी. सासूबाई तो डाव नुसता बघत राहिल्या. एका पानाला त्यांचं बोट टेबलावरच जरासं हललं.

"चांगला खेळतोय तो," त्या म्हणाल्या. "बरा भिडू मिळाला तिला."

"तुम्ही लिहा ना तिला. इथे निरोप पाठवता येतो."

"काय लिहू? आम्ही दोघींनी स्पर्धेत नाव दिलं होतं. तिने किती तयारी केली होती. आणि त्या आठवड्यात मी गायबच झाले."

"कुठल्या आठवड्यात?" असं त्याच्या ओठांवर आलं होतं. विचारायची गरज नव्हती.

"मला सांगायचंत ना आई. पासवर्ड मागायचात."

"तुमचं काम असतं त्यावर," सासूबाई म्हणाल्या. बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्याला सोपं गेलं असतं. डाव संपला तशा त्या उठल्या आणि खुर्ची आत सरकवून गेल्या.

एकदा त्याने सरळ विषय काढायचा प्रयत्न केला. घरात दोघंच होते. "आई, त्या दिवशी मी फोनवर जे..."

"कुठल्या दिवशी?" सासूबाई इतक्या पटकन म्हणाल्या, आणि चेहरा इतका मोकळा होता, की त्याने वाक्य तिथेच सोडून दिलं. मग त्याने वेगळी युक्ती केली. मला ब्रिज शिकवा म्हणाला. खऱ्या पत्त्यांचा जोड आणला. सासूबाईंनी दोन-तीन रविवार शिकवलंही, मन लावून शिकवलं. चारही हात मांडून, त्याच्या चुका न हसता दाखवत. पण पुढच्या रविवारी एका गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला जायचं होतं, त्याच्या पुढच्या रविवारी वर्कशॉपवर काम निघालं, आणि पत्ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेले. सासूबाईंनी त्याचीही आठवण करून दिली नाही.

थंडी सरता सरता मोठ्या मुलीने मोठं घर घेतलं आणि आईला तिकडे बोलावलं. सासूबाई जाताना सगळ्यांशी छान बोलून गेल्या. जावयाला म्हणाल्या, "तब्येतीला जपा. बसून बसून पाठ धरते तुमची." त्याने बॅगा खाली नेल्या आणि गाडी वळेपर्यंत फाटकाशी उभा राहिला.

दोन-तीन आठवड्यांनी बायको फोनवर बोलून हसत हसत खोलीत आली.

"आई तिकडे रोज दुपारी खेळते म्हणे. ताईच्या लॅपटॉपवर. गेल्या गेल्या, पहिल्याच आठवड्यात बसली. ताई म्हणते, चहासुद्धा तिथेच नेऊन द्यावा लागतो."

"आणि डोळे?" जावयाने विचारलं.

"डोळ्यांना काय झालंय तिच्या?" बायको म्हणाली. मग तिलाही ते आठवलं, आणि तिचं हसू ओसरलं.

जावई समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. इतके दिवस तो मनाशी म्हणत होता की म्हातारपणी एखादी सवय मोडली की मोडली, त्याला कोण काय करणार. ती मोडलीच नव्हती. त्यांना खेळायचं होतं, रोज दुपारी खेळायचं होतं. फक्त त्याच्या घरात खेळायचं नव्हतं. इतके महिने बाई त्याच्या घरात नीट वागली, कपड्यांच्या घड्या घातल्या, चहा विचारला, आणि आतून केव्हाच उठून गेली होती.

त्याने सासूबाईंना फोन लावला. एरवी बायकोच लावायची आणि तो शेवटी दोन वाक्यं बोलायचा.

"अरे वा, तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. आवाज खुशीत होता. "सगळं ठीक ना तिकडे?"

"ठीक आहे. खेळता म्हणे."

"हो ना. नवा भिडू मिळालाय. बोली लावताना घाई करतो, पण शिकेल." मग त्यांनी कालचा डाव सांगितला, सगळा, पहिल्या पानापासून. यावेळी जावयाने ऐकला. त्या दोन-तीन रविवारांच्या शिकवणीवर थोडाफार समजलाही. हुकूम कुठे राखला हे त्याने विचारलं तेव्हा त्या आणखी खुलवून सांगायला लागल्या.

डाव संपला.

"आई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी मालकांना फोनवर तुमच्याबद्दल जे बोललो, ते चूक होतं. फाइल मी बघितली नव्हती. चूक माझी होती आणि मी ती तुमच्यावर ढकलली."

यावेळी "कुठल्या दिवशी" असं त्या म्हणाल्या नाहीत.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "लागलं होतं मला."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हातारं म्हणालात, त्याचं नाही. म्हातारी तर आहेच मी. पण रोज सकाळी तुम्ही विचारायचात, काल काय केलंत, आणि मी सांगायचे ते एक दिवसही तुम्ही खरं धरलं नाहीत. मला वाटायचं, आज तरी धरतील. मुलीचं घर आहे, म्हणून गप्प बसले. ते जाऊ द्या आता."

"चुकलंच माझं," तो म्हणाला.

"हं," सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता आणि 'काही हरकत नाही' हेही नव्हतं. "बरं, ठेवते. टेबल लागलंय, मला बोलावतायत."

जावयाने फोन ठेवला. मग त्याने सकाळी अर्धवट सोडलेलं ड्रॉइंग उघडलं. ते लगेच उघडलं. एका जोडप्याचं छोटं स्वयंपाकघर होतं, आणि खिडकीपाशी म्हाताऱ्या आईला बसता येईल अशी जागा ठेवा, असं त्यांनी दोनदा कळवलं होतं. त्याने त्यांना फोन लावला आणि त्या आईंना बसून काय करायला आवडतं ते विचारलं.